मेनूकार्डाचे प्रकार आणि ते वाचण्याची रीत

उपाहारगृहात टेबलाशी बसल्यावर हाती आलेले कार्ड बरेच जण उजव्या कडेने वाचू लागतात. आधी दर पाहतात आणि मग तो कोणत्या पदार्थाचा आहे ते शोधतात. त्यात गैर काही नाही. मात्र या दोन्हींच्या आधी पाहण्याजोगी एक गोष्ट असते आणि ती कार्डावर क्वचितच सरळ शब्दांत लिहिलेली असते, ती म्हणजे येथे काय खायचे हे कोण ठरवणार आहे. काही कार्डे सगळी निवड ग्राहकाच्या हाती देतात, काही ती मालकाकडे ठेवतात, काही शेफवर सोपवायला लावतात, तर काही ठिकाणी कॅलेंडरने ती कित्येक आठवडे आधीच करून ठेवलेली असते. मेनूचे निरनिराळे प्रकार आणि त्यांची परकी वाटणारी नावे ही या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. ते उत्तर ओळखता आले, की दर नेमका कशाचा आहे, काय बदलून मागता येईल, काय मागणे व्यर्थ आहे आणि बिलात कशाची भर पडेल, याचा बराचसा अंदाज पहिला पदार्थ मागवण्यापूर्वीच बांधता येतो.

काही वर्षे मी छपाईला जाणाऱ्या मेनूकार्डांची मुद्रिते तपासण्याचे काम केले. शुद्धलेखनाच्या चुका लवकर सापडत. वेळ जाई तो तळाशी बारीक अक्षरांत दिलेल्या तारांकित टिपा वरच्या मजकुराशी ताडून पाहण्यात. कोणतेही कार्ड उलटून आधी तळ वाचण्याची सवय तेव्हापासून लागली, ती अद्याप सुटलेली नाही.

नावांमागचा अर्थ

'मेनू' हा शब्द फ्रेंच भाषेतून सर्वत्र पसरला. त्याचे मूळ 'मिनुतुस' या लॅटिन शब्दात असून त्याचा अर्थ लहान, बारीक असा आहे. त्यावरून तपशीलवार यादी हा अर्थ आला. गंमत अशी, की आपण ज्याला मेनूकार्ड म्हणतो त्याला फ्रान्समध्ये 'कार्त' म्हणतात आणि 'मेनू' हा शब्द तेथे ठरावीक दराच्या संपूर्ण जेवणासाठी वापरतात. त्यामुळे तेथे 'मेनू' मागणारा प्रवासी यादी हवी म्हणतो आणि वेटरला वाटते की त्याला ठरावीक जेवण हवे आहे. 'आ ला कार्त' याचा अर्थही यातूनच उलगडतो, कारण त्याचा शब्दशः अर्थ 'कार्डाप्रमाणे' एवढाच आहे. कार्डावरील प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र दर असतो आणि ग्राहक हवे ते, हवे तेवढे मागवतो.

याच्या समोरचा प्रकार म्हणजे 'ताब्ल दोत', ज्याचा उच्चार पुष्कळदा 'टेबल डी होट' असाही केला जातो. याचा अर्थ यजमानाचे टेबल. जुन्या काळी युरोपातील खाणावळींत आणि धर्मशाळांत ठरलेल्या वेळी सगळे प्रवासी एकाच लांब टेबलाशी बसत, यजमान जे वाढेल ते खात आणि सगळे सारखेच पैसे देत. उशिरा येणाऱ्याला उरलेसुरले मिळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये जी नवी उपाहारगृहे निघाली त्यांनी ही रीत मोडली. आपल्याला सोयीच्या वेळी यावे, स्वतंत्र टेबलाशी बसावे, दर लिहिलेल्या यादीतून निवड करावी आणि जेवढे खाल्ले तेवढ्याचेच पैसे द्यावेत, ही आज अगदी स्वाभाविक वाटणारी पद्धत त्या वेळी नवलाची होती.

कार्डाच्या इतिहासात आणखी एक वळण आहे. जुन्या फ्रेंच मेजवानी-पद्धतीत एका फेरीचे सगळे पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडले जात, त्यामुळे काय काय आहे ते डोळ्यांना दिसतच असे. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत रुजली, तीत पदार्थ एकामागून एक वाढले जाऊ लागले. पॅरिसमध्ये ती सुमारे 1810 मध्ये आणण्याचे श्रेय रशियन राजदूत अलेक्झांडर कुराकिन यांना दिले जाते. पुढे काय येणार हे दिसेनासे झाल्यावर पोटात जागा कशासाठी राखायची हे कळायला काही साधन हवे होते, आणि प्रत्येकाच्या ताटाजवळ ठेवलेले कार्ड हे ते साधन ठरले. पाच फेऱ्यांचे कार्ड समोर असताना दुसऱ्याच फेरीत पोट भरून बसणे म्हणजे ते कार्ड न वाचल्यासारखेच आहे.

सुटी निवड: आ ला कार्त

या प्रकारात स्वातंत्र्य सर्वांत जास्त असते आणि त्याचा मोबदला दरातच धरलेला असतो. यादीत साठ पदार्थ असतील तर त्या साठांचे सामान स्वयंपाकघराला तयार ठेवावे लागते. त्यातील किती विकले जातील याचा नेमका हिशेब कोणालाच मांडता येत नाही आणि न खपलेल्या सामानाची नासाडी खपलेल्या पदार्थांच्या दरात मुरवलेली असते. म्हणून लांबलचक यादी पाहून हरखून जाण्यापेक्षा थोडे सावध होणे बरे. एका छोट्या स्वयंपाकघरातून दीडशे पदार्थ निघत असतील, तर त्यातील बरेचसे दोन-चार तयार रश्श्यांवर किंवा गोठवलेल्या सामानावर बेतलेले असतात. ते वाईटच असतात असे नाही, पण नावे दीडशे असली तरी चवी तेवढ्या नसतात.

या कार्डावर सर्वाधिक घोटाळा होतो तो 'सोबत काय येते' या मुद्द्यावर. काही ठिकाणी मुख्य पदार्थाच्या ताटातच भाजी, सॅलड किंवा भात दिलेला असतो. काही ठिकाणी मुख्य पदार्थ अगदी एकटा येतो आणि सोबतची प्रत्येक गोष्ट वेगळी मागवावी लागते. इटालियन पद्धतीच्या कार्डात हे स्पष्ट दिसते. तेथे सुरुवातीचे पदार्थ, मग पास्ता किंवा भाताची पहिली फेरी, मग मांसाची वा माशाची दुसरी फेरी आणि 'कोंतोर्नी' या शीर्षकाखाली सोबतच्या भाज्या असे वेगवेगळे विभाग असतात. दुसऱ्या फेरीचा पदार्थ मागवला आणि कोंतोर्नीकडे दुर्लक्ष केले, तर ताटात तेवढा एकच पदार्थ येतो. 'सोबतचे पदार्थ' असा स्वतंत्र विभाग कार्डावर दिसला, की मुख्य पदार्थाच्या दरात तो धरलेला नाही असे समजून चालावे आणि शंका असल्यास विचारावे.

दुसरा घोटाळा शब्दांचा आहे. 'आन्त्रे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ प्रवेश असा असून फ्रान्समध्ये तो जेवणाच्या सुरुवातीच्या पदार्थांसाठी वापरतात, तर अमेरिकेत हाच शब्द मुख्य पदार्थासाठी रूढ आहे. एकाच शब्दाखाली एकीकडे लहान बशी येते आणि दुसरीकडे भरलेले ताट. शब्दावर विसंबण्यापेक्षा त्या विभागातील दरांकडे पाहिले, की उलगडा होतो: सर्वांत चढे दर ज्या विभागात असतील तो मुख्य पदार्थांचा.

ठरावीक दराचे जेवण

ताब्ल दोतचा आजचा अवतार म्हणजे ठरावीक दराचा मेनू, ज्याला 'प्री फिक्स' किंवा सरळ 'सेट मेनू' म्हणतात. जुन्या काळापेक्षा यात फरक असा, की आता प्रत्येक फेरीत दोन-तीन पर्याय दिलेले असतात. दर मात्र संपूर्ण जेवणाचा एकच असतो. स्पेनमध्ये 'मेनू देल दीआ' या नावाने दुपारी मिळणारे जेवण याच जातीचे आहे. मालकाला हे परवडते कारण आज साधारण काय आणि किती शिजवायचे हे त्याला आधीच ठाऊक असते, बाजारात स्वस्त मिळालेले सामान त्यात खपवता येते आणि टेबल लवकर मोकळे होते. त्या बचतीतील काही वाटा ग्राहकापर्यंत पोहोचतो. म्हणून दुपारचा सेट मेनू हा एखाद्या महागड्या स्वयंपाकघराची ओळख करून घेण्याचा शहाणपणाचा मार्ग आहे, असे माझे मत आहे.

पण तो खरोखर स्वस्त पडतो का, याचा हिशेब तोंडी करता येतो. मुख्य पदार्थाचा सुटा दर 100 धरा. सुरुवातीचा पदार्थ त्याच प्रमाणात 45 आणि गोड पदार्थ 40 असेल, तर तिन्ही मिळून 185 होतात. सेट मेनूचा दर 140 असला तर तिन्ही पदार्थ खाणाऱ्याचे 45 वाचले. परंतु गोड न खाणाऱ्याने तेच दोन पदार्थ सुटे मागवले असते तर 145 लागले असते. त्याची बचत अवघी 5 उरते आणि गोडाची बशी टेबलावर तशीच राहते. ज्याला फक्त मुख्य पदार्थ हवा आहे, त्याला तर सेट मेनू सरळसरळ 40 ने महाग पडतो. आपण एरवी मागवले असते तेवढेच पदार्थ हिशेबात धरावेत. जे केवळ दरात समाविष्ट आहे म्हणून खाल्ले जाणार, ते बचतीत मोजू नये.

आता तारांकित टीप. सेट मेनूमधील एखाद्या पर्यायापुढे अधिकचे बारीक चिन्ह आणि एक आकडा असतो. त्याचा अर्थ तो पर्याय घेतल्यास मूळ दरावर तेवढी रक्कम जास्त पडते. हे चिन्ह बहुधा सर्वांत आकर्षक पर्यायापुढेच असते. एकदा एका मालकाने मुद्रितावर त्या चिन्हाभोवती लाल वर्तुळ काढून 'आणखी लहान करा' असे लिहून पाठवले होते; मी ते लहान केले, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या कार्डांवर ते शोधण्याची मला खोड लागली. वरच्या उदाहरणात मुख्य पदार्थापुढे +35 असेल, तर 140 चे 175 होतात आणि 185 च्या तुलनेत बचत नाममात्र राहते. याशिवाय हा मेनू कोणत्या वेळेत मिळतो, सुटीच्या दिवशी मिळतो का आणि पेय दरात धरलेले आहे का, या तीन गोष्टी तळाच्या ओळींत सापडतात.

निवड शेफच्या हाती

चवीचा मेनू, म्हणजे 'देगुस्तास्यों' किंवा 'टेस्टिंग मेनू', हा दिसायला सेट मेनूसारखा असला तरी त्याचा स्वभाव वेगळा आहे. सेट मेनूत ग्राहकाला प्रत्येक फेरीत थोडी तरी निवड असते; येथे ती जवळजवळ नसतेच. सहा, आठ, कधी पंधरा-वीस लहान फेऱ्या शेफने ठरवलेल्या क्रमाने येतात आणि त्यांचा क्रम हाच त्या जेवणाचा आशय असतो. जपानी 'ओमाकासे' याच वृत्तीचे आहे. त्या शब्दाचा अर्थच 'तुमच्यावर सोपवतो' असा आहे आणि सुशीच्या बैठकीत तर पुष्कळदा छापील यादीही नसते. अशा जागी 'याऐवजी ते द्या' ही मागणी बहुधा मान्य होत नाही. आणि ती न होण्यात उर्मटपणा असतो असे नाही, कारण त्या दिवशी तेवढेच सामान मोजून आणलेले असते.

म्हणून या प्रकाराचे कार्ड टेबलाशी बसून वाचण्यात अर्थ नाही, ते जागा राखून ठेवतानाच वाचावे. संपूर्ण टेबलाने हाच मेनू घ्यावा अशी अट पुष्कळ ठिकाणी असते, कारण एकाला आठ फेऱ्या आणि दुसऱ्याला दोन पदार्थ असे असेल तर वाढण्याचा ताल सांभाळता येत नाही. आम्ही पाच जण एकदा अशा ठिकाणी गेलो आणि ही अट वाचण्याचे काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडले होते. आमच्यातील एकाला शिंपले चालत नसत आणि दोघांना दीड तासात निघायचे होते. वेटरने अदबीने सांगितले, की जेवण पूर्ण व्हायला तीन तास लागतात आणि शिंपले तीन फेऱ्यांत आहेत. शेवटी आम्ही उठलो आणि शेजारच्या साध्या उपाहारगृहात जेवलो. चूक सर्वस्वी आमची होती. दोन्ही गोष्टी जागा राखताना आलेल्या संदेशात लिहिलेल्या होत्या.

अशा मेनूसोबत पेयांची जोडणीही देऊ केली जाते, म्हणजे प्रत्येक फेरीला साजेसे पेय. तिचा दर स्वतंत्र असतो आणि तो कधी कधी जेवणाच्या दराच्या जवळ जातो. ती घेतलीच पाहिजे असे बंधन सहसा नसते, आणि अनेक ठिकाणी मद्यविरहित जोडणीही मिळते.

निवड कॅलेंडरच्या हाती

जेथे तीच माणसे रोज जेवतात, तेथे वेगळाच प्रश्न उभा राहतो. वसतिगृहे, रुग्णालये, शाळा आणि कारखान्यांची भोजनगृहे येथे आवर्ती मेनू वापरतात. ठरावीक दिवसांची यादी एकदा तयार करून ती संपली की पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. येथे खाणाऱ्याला निवड कमी असते, पण काय येणार हे आधी कळते आणि पोषणाचा तोल राखता येतो.

या मेनूत एक बारकावा असा आहे, जो नियोजन करणारे जाणतात आणि खाणाऱ्यांना फक्त जाणवतो. आवर्तन 28 दिवसांचे असेल तर पहिल्या दिवशीचा पदार्थ कायम एकाच वारी येतो, कारण 28 ला 7 ने पूर्ण भाग जातो. सोमवार आणि अमुक भाजी अशी जोडी मनात बसते आणि कंटाळा येतो. त्याऐवजी आवर्तन 10 दिवसांचे घेतले तर प्रत्येक फेरीत वार तीन दिवसांनी पुढे सरकतो. सोमवारचा पदार्थ पुढच्या वेळी गुरुवारी, मग रविवारी, मग बुधवारी येतो आणि पुन्हा सोमवारी यायला 70 दिवस लागतात. पदार्थ कमी असूनही जेवण वैविध्याचे वाटते. उलट, जिथे ठरावीक वारी ठरावीक पदार्थ मिळावा अशी अपेक्षाच असते, तिथे साताच्या पटीतील आवर्तन सोयीचे पडते.

याच्या उलट टोकाला रोजचा मेनू असतो, ज्याला 'दु जूर' म्हणतात. बाजारात जे मिळाले त्यावर तो ठरतो आणि फळ्यावर खडूने लिहिला जातो. फळ्यावरचे पदार्थ ताज्या सामानाचे असतात हे बव्हंशी खरे. परंतु काल उरलेले सामान आज खपवण्याची जागाही फळा हीच असते. पदार्थ आजचा म्हणून पुढे केला असेल, तर त्यातील मुख्य जिन्नस आजच का, हे वेटरला विचारावे. उत्तर लगेच आणि नेमके आले तर मागवायला हरकत नाही.

बुफे, मेजवानी आणि लहानसहान कार्डे

बुफेमध्ये पदार्थ शिजून झाल्यावर निवड होते आणि तेथे दर पोटाचा नसून प्रवेशाचा असतो. ताट घेण्याआधी एकदा संपूर्ण मांडणीभोवती फिरून यावे, कारण पोट भरणारे स्वस्त पदार्थ सुरुवातीला आणि महाग पदार्थ शेवटी, बहुधा वाढप्याच्या हाती, ठेवण्याची रीत आहे.

मेजवानीचा मेनू समारंभासाठी असतो आणि त्यात निवड आठवडे आधी, जेवणाऱ्यांपेक्षा वेगळ्याच माणसाने केलेली असते. दर माणशी लावला जातो आणि 'प्रत्येक गटातून अमुक निवडा' अशी रचना असते. येथे पदार्थांपेक्षा किमान हमीची संख्या महत्त्वाची आहे. हमी 200 माणसांची दिली आणि 170 आली, तरी आकारणी 200 ची होते. 230 आली तर वाढीव ताटे मिळतील की नाही आणि कोणत्या दराने, हे करारात लिहिलेले असावे लागते. अंतिम संख्या किती दिवस आधी कळवायची ती मुदतही त्यातच असते. हमीची संख्या अपेक्षेपेक्षा थोडी कमीच सांगावी, कारण ती नंतर वाढवता येते, कमी करता येत नाही.

वाइनची यादी पाहून पुष्कळ जण गांगरतात. तिचे साधे गणित असे, की प्रमाणित बाटली 750 मिलिलिटरची असते आणि पेला साधारण 150 मिलिलिटरचा, म्हणजे बाटलीत पाच पेले. पेल्याच्या दराला पाचाने गुणून बाटलीच्या दराशी ताडले, की काय परवडते ते कळते. नावापुढील वर्ष द्राक्षांच्या तोडणीचे असते. काही याद्यांत प्रत्येक बाटलीला 'बिन क्रमांक' असतो. तो मुळात तळघरातील कप्प्याचा क्रमांक, आणि उच्चाराची खात्री नसलेल्याने निर्धास्तपणे तो क्रमांकच सांगावा. गोडाचे कार्ड वेगळे आणि शेवटी देतात, पण त्यावर 'तयार होण्यास वेळ लागतो' असे लिहिलेले सुफलेसारखे पदार्थ असतील तर ते जेवणाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावे लागतात. म्हणून ते कार्ड आधीच मागून पाहावे.

एक ओळ जवळून

कार्डावर अशी ओळ असते: 'अख्खा भाजलेला मासा, दर 100 ग्रॅमला.' पुढे जो आकडा असतो तो शेजारच्या पदार्थांपेक्षा बराच कमी दिसतो आणि घाईत असलेला ग्राहक तो पूर्ण पदार्थाचा दर समजतो. मासा 700 ग्रॅमचा निघाला तर बिलात त्या आकड्याची सातपट येते. वजन पुष्कळ ठिकाणी कच्च्या माशाचे, साफ करण्यापूर्वी केलेले असते. डोके, काटे आणि आतडी वजा जाता ताटात येणारे मांस त्याहून बरेच कमी असते. त्यामुळे अशी ओळ दिसली की मासा दाखवायला सांगावे, त्याचे वजन विचारावे आणि संपूर्ण रक्कम आधी वदवून घ्यावी. 'बाजारभावाप्रमाणे' लिहिलेल्या पदार्थाचेही तसेच; आजचा भाव विचारण्यात कमीपणा नाही, तो विचारला जावा म्हणूनच ती जागा कोरी सोडलेली असते.

अशाच काही ओळी तळाशी असतात: दरांत कर धरला आहे की वेगळा, सेवाशुल्क किती, किमान दोन व्यक्तींसाठीच मिळणारे पदार्थ कोणते. इटलीत बऱ्याच ठिकाणी 'कोपेर्तो' या नावाने माणशी जागेचे शुल्क लावतात आणि ते मागवलेल्या पदार्थांच्या दरावर वेगळे पडते.

मन वळवणारी मांडणी

कार्ड छापणारा केवळ माहिती देत नाही, तो विकतही असतो. 1982 मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील मायकेल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी पदार्थांचे चार गट पाडण्याची पद्धत मांडली: खप आणि नफा दोन्ही भरपूर ते 'तारे', खप भरपूर पण नफा कमी ते 'नांगराचे घोडे', नफा भरपूर पण खप कमी ती 'कोडी' आणि दोन्ही कमी ती 'कुत्री'. मालक ताऱ्यांना ठळक जागा देतो, कोड्यांना नवे नाव किंवा वर्णन देऊन पाहतो आणि कुत्र्यांना पुढच्या छपाईत वगळतो. चौकटीत टाकलेला किंवा चित्र दिलेला पदार्थ बहुधा तारा किंवा कोडे असतो. नांगराचे घोडे मात्र साध्या अक्षरांत, मधल्या ओळींत असतात, आणि पैशाच्या मानाने चांगले खायचे असेल तर ग्राहकाच्या सोयीचा गट नेमका तोच आहे.

दरापुढे चलनाचे चिन्ह नसणे हेही सहज घडत नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या 2009 मधील अभ्यासात एका उपाहारगृहातील दुपारच्या ग्राहकांना वेगवेगळ्या पद्धतीने दर लिहिलेली कार्डे देण्यात आली, तेव्हा नुसता आकडा असलेले कार्ड हाती आलेल्यांनी डॉलरचे चिन्ह किंवा शब्द असलेल्या कार्डांच्या ग्राहकांपेक्षा जास्त खर्च केला. या क्षेत्रात सांगोवांगीही पुष्कळ आहे. दोन पानी कार्डात नजर ठरावीक जागी आधी जाते, ही समजूत दीर्घकाळ पक्की मानली गेली; 2012 मध्ये संशोधक सिबिल यांग यांनी नजरेच्या हालचाली मोजल्या, तेव्हा माणसे कार्ड साधारण पुस्तकासारखे ओळीने वाचतात असे दिसले. विभागाच्या तोंडाशी सर्वांत महाग पदार्थ असेल तर त्याच्या खालचे सगळे दर माफक वाटू लागतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे.

चिन्हे, ॲलर्जी आणि पडद्यावरचे कार्ड

पदार्थापुढील पान, मिरची किंवा अक्षरांची चिन्हे प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात, त्यांची किल्ली तळाशी शोधावी. युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर 2014 पासून उपाहारगृहांनाही 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यांत ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, शेंगदाणे, सोया, तीळ, मोहरी, मासे इत्यादी येतात, आणि काही कार्डांवर पदार्थापुढे 1 ते 14 असे आकडे छापलेले दिसतात ते यासाठीच. अमेरिकेत 20 किंवा अधिक शाखांच्या साखळी उपाहारगृहांना मे 2018 पासून कार्डावर कॅलरी द्याव्या लागतात. चिन्ह नाही म्हणजे घटक नाही, असे मात्र समजू नये. ॲलर्जी तीव्र असेल तर घटकाचे नाव स्पष्ट सांगून, तळणीचे तेल आणि भांडी वेगळी आहेत का हेही विचारावे. 'थोडेसे चालते' असे संकोचाने म्हटले, की स्वयंपाकघर ते आवडीनिवडीत धरते.

मोबाईलवर चौकोनी संकेत (क्यूआर कोड) टिपून उघडणारे कार्ड आणि घरपोच मागवण्याच्या ॲपवरील कार्ड हे शेवटचे दोन प्रकार एकसारखे वाटले तरी एक नाहीत. टेबलावरच्या संकेतातून उघडणारे कार्ड मालकाला तासातासाला बदलता येते, त्यामुळे संपलेले पदार्थ त्यावरून लगेच काढता येतात. पण सबंध यादी एका दृष्टिक्षेपात दिसत नाही आणि वरच्या चार-पाच ओळींतूनच निवड उरकली जाते. छापील प्रत मागितली तर बहुतेक ठिकाणी ती मिळते. ॲपवरील कार्डात मध्यस्थाचे कमिशन भरून काढण्यासाठी दर वाढवलेले असू शकतात, प्रवासात खराब होणारे पदार्थ वगळलेले असतात, आणि 'लोकप्रिय' या मथळ्याखाली काय दिसावे हे ॲपची प्रणाली ठरवते. उपाहारगृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील कार्ड शेजारी उघडून दोन पदार्थांचे दर ताडून पाहायला अर्धे मिनिट लागते, आणि फरक मोठा दिसला तर थेट फोन करून मागवण्याची सोय अनेक ठिकाणी अजूनही आहे.